खोबरेल तेलाचं चित्र

बोरिवली (पूर्व)
रविवार, १४ जुलै १९८५

चि. अनू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच नवऱ्याच्या, बॅप्टिस्टच्या हातात देशील. “बघ रे, म्हाताऱ्याला काय हवंय” म्हणशील. त्याने वाचलं तरी चालेल. मला हवं काही नाही. एक बातमी आहे, आणि ती सांगायला मला दुसरं माणूस उरलेलं नाही.

मी चित्रकलेच्या क्लासला जातो. वयाच्या पासष्टाव्या वर्षी.

वझिऱ्याला एका जुन्या घराच्या ओटीवर लूर्डसबाई शिकवतात. चर्चमधल्या जुन्या तसबिरी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मंगळवार, गुरुवार, शनिवार तीन ते पाच क्लास. आम्ही सहाजण. माझ्या शेजारी विमा कंपनीतला चंद्रप्रकाश बसतो. त्याची आणि माझी बेरीज केली तर एक बरा विद्यार्थी होईल, असं बाई म्हणतात.

महिनाभर मडकं काढतोय. नुसतं मडकं, पेन्सिलीने.

“काका, तुमचं मडकं उजवीकडे फुगलंय.”

“बाई, ते मुळातच तसं आहे.”

“कुंभाराला नावं नका ठेवू. कुंभार तुमच्यापेक्षा बरा. तुम्ही मडकं बघता एक क्षण, आणि कागद बघता दहा मिनटं. उलट करा.”

छत्तीस वर्षं तार ऑफिसच्या खिडकीत बसलो ना, त्याचा हा दोष. फॉर्म घ्यायचा, शब्द मोजायचे, शिक्का मारायचा. खिडकीपलीकडचा माणूस रडतोय की हसतोय, मान वर करून बघितलं नाही.

का शिकतोय विचारशील. वेळ जात नाही म्हणून. शाळेत पाठ केलेल्या कविता चालीसकट म्हणून झाल्या, की दुपारचे दोनच वाजलेले असतात. तू दोन कवितांच्या ओळी एकमेकींत घुसडायचीस, मी पट्टी उगारायचो, आणि तुझी आई आतून ओरडायची, “तुमची कविता संपली आसात तर जेवूक बसा!” आता कविता संपली तरी कोणी बोलावत नाही.

बाबा

—

गुरुवार, ८ ऑगस्ट १९८५

चि. अनू,

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होतो. खोटं कशाला? रोज अकराला पोस्टमन येतो तेव्हा मी दारात काहीतरी झाडत असतो.

मागच्या पत्रात वेळ जात नाही म्हणून शिकतो असं लिहिलं. ते खरं नाही. मला तुझ्या आईचं चित्र काढायचं आहे, तैलरंगात. यंदा अधिक श्रावण आला, त्यामुळे तिचं वर्षश्राद्ध पुढे गेलं, एक मार्चला. त्या दिवशी पाटावर ठेवायला तिची तसबीर नाही. लग्नात आमचा फोटो निघालाच नव्हता. पुढे तू अकरावी पास झालीस तेव्हा तुम्हा दोघींचा काढलेला तो एकच. त्याला वाळवी लागली.

जानकीचा चेहरा मला आठवत नाही, अनू.

आवाज येतो. बांगड्या येतात. पाठमोरी तर लख्ख दिसते, स्टोव्हपाशी वाकलेली, मानेवर सुटलेला अंबाडा. पण ती वळली की तिथे नुसता उजेड. सहा महिन्यांत माणूस असा पुसला जातो का? लूर्डसबाईंना विचारलं. त्या ब्रश पुसत म्हणाल्या, “पुसला नाय गेला काका. तुम्ही काढलाच नव्हता.”

मग म्हणाल्या, “मुलगी हाय ना? तिला एक तास समोर बसवा. अर्धी आई मुलीत मिळते.”

म्हणून विचारतो. एक तास येशील? माझ्याशी बोलू नकोस. खिडकीकडे तोंड करून बस, मी कपाळ आणि हनुवटी तेवढी उतरवून घेईन. बाईंच्या घराचा पत्ता मागे लिहिला आहे. बॅप्टिस्टला आण. एमिलियाला आण, नातीला अजून मी पाहिलेलं नाही. तुझ्या लग्नाच्या वेळी ‘त्यांच्या घरचं पाणी घेणार नाही’ असं मी म्हणालो होतो. आता लूर्डसबाईंकडे बशीत चहा ओतून घेतो आणि त्यात बिस्किट बुडवतो. तुला हे टोचेल. टोचू दे.

आईच्या आजारपणाची तार तुला पोचली नाही, त्याचा राग तुझ्या मनात असणारच. तार मी केली होती. तुमच्या मनोरीची तार म्हणजे मार्व्याच्या होडीवरून जायची, मध्ये कुठे राहिली असेल. तू तेराव्या दिवशी आलीस ती शेवंतीबाईंनी मासेवालीबरोबर निरोप धाडला म्हणून. उंबऱ्यातच उभी राहिलीस. “तिला कुंकू कुणी लावलं?” एवढंच विचारलंस.

मी म्हणालो, “शेजारच्या शेवंतीबाईंनी.”

“मी असताना?”

पाणी न पिता गेलीस. अहेव गेलेल्या आईचा मळवट लेकीने भरायचा असतो, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस.

बाबा

—

रविवार, २२ सप्टेंबर १९८५

चि. अनू,

आली नाहीस. बरं.

कॅनव्हास चौकटीवर ताणला. त्यावर सरस, सरसावर पांढरा हात. वाळल्यावर टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजतो. सुरुवात टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाने करायची, नुसत्या सावल्या. तेल पुढच्या थरांत, थोडं थोडं वाढवत. बाईंचा नियम: “आधी उपास, मग जेवण. उलट केलं की चित्र तडकतं.”

तुझ्याशिवायच सुरुवात केली. शेवंतीबाईंना विचारलं, जानकीचं नाक कसं होतं? म्हणाल्या, “नाकासारखं नाक. तुमी नवरा की मी?” तरी बिचारी ओट्यावर बसून हाताने दाखवत राहिली, गाल असे, भुवई अशी, पुढचा एक दात जरा आत. तो दात मला एकदम आठवला. हसताना ती पदर तोंडावर घ्यायची ते त्या दातासाठी. मी तिला लाजाळू समजत होतो.

एक गोष्ट मात्र मनासारखी जमली. दोऱ्याला शिसं बांधून ओळंबा केला. कपाळाचा मध्य, नाकाचं टोक, हनुवटी, सगळं एका सरळ रेषेत घेतलं, आणि त्या रेषेवर बरोबर मधोमध कुंकू रेखलं. वाटोळं, रुपयाएवढं. चंद्रप्रकाश म्हणाला, “काका, झकास! कंपास लावलात काय?” बाईसुद्धा काही बोलल्या नाहीत, म्हणजे चांगलं असणार.

चेहरा आहे. कुणाचा ते अजून ठरत नाही.

बाबा

—

शनिवार, २३ नोव्हेंबर १९८५

चि. अनू,

दिवाळी गेली. मी कंदील लावला नाही, वर्षाच्या आत लावत नाहीत. तुमचा नाताळ आता येईल. जानकी दर गुरुवारी “भजनाला जाते” म्हणून निघायची आणि संध्याकाळी यायची तेव्हा साडीला खाऱ्या वाऱ्याचा वास असायचा, पिशवीच्या तळाशी वाळवलेले सोडे. भजनी मंडळात सोडे वाटतात का, असं मी एकदाही विचारलं नाही. मला ठाऊक होतं ती तुझ्याकडे येते. गुरुवारी मी मुद्दाम उशिरा घरी यायचो, तिला घाई होऊ नये म्हणून. एवढं एक माझ्या बाजूने लिहून ठेव. दुसरं काही सापडणार नाही.

चित्र पुढे गेलं आहे. सुट्टीत क्लास बंद म्हणून कॅनव्हास घरी आणला होता. नेमकं जवसाचं तेल संपलं, आणि रंगाचं दुकान भाऊबीजेपर्यंत बंद. हात तर लागलेला. अशी गोडी लागलेली असताना थांबणं म्हणजे कवितेची तीन कडवी म्हणून चौथं उद्यावर टाकणं. मग घरात होतं ते घेतलं. काम अडलं नाही. उलट रंग लोण्यासारखा पसरला. केस, कपाळ, गाल, सगळं दुसऱ्यांदा केलं, कुंकूही. चित्राला पहिल्यांदाच उजाळा आला.

आज कॅनव्हास बाईंकडे परत नेऊन ठेवला. एक मार्चपर्यंत खडखडीत वाळेल.

बाबा

—

रविवार, ५ जानेवारी १९८६

चि. अनू,

काल बाईंनी कॅनव्हासला नाक लावलं.

“काका, इकडे या. हे काय घातलंत?”

“रंगच.”

“रंगात काय घातलंत? माझ्या आजीच्या वेणीचा वास येतो.”

मी सांगितलं. जानकीची खोबरेलाची बाटली फळीवर तशीच होती. ती गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. तेल ते तेल, मला वाटलं.

चंद्रप्रकाश हसायला लागला, “वाट लागली काका! आता चित्राची चंपी करा!” बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेन्सिलीला टोक काढायला बाहेर गेला.

मग त्या माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, “जवसाचं तेल हवा खातं आणि घट्ट होतं. म्हणून तर रंग टिकतो. खोबरेल तसं नाय. हे वर्षानं बघाल तरी ओलं. धूळ बसेल, डास चिकटतील, काच लावाल तर काचेला तोंड चिकटेल. खरवडू या. खालचा थर चांगला हाय, मी मदत करते, मार्चच्या आत होईल.”

त्यांनी सुरी हातात घेतली. आणि अनू, मी त्या बाईचं मनगट धरलं. परक्या बाईचं. जन्मात असं केलं नव्हतं.

एकदा हा चेहरा मी माझ्या हातांनी नाहीसा केला आहे. दुसऱ्यांदा होणार नाही.

वाळवी लागली नव्हती फोटोला. तू घर सोडून गेलीस त्या सकाळी, एकोणऐंशीच्या मे महिन्यात, मी तो चौकटीतून काढला आणि बंबात घातला. मला फोटोतून तू जायला हवी होतीस. तुझ्या खांद्यावर हात ठेवून ती उभी होती, ती कशी सुटणार? कातरायचं सुचलं नाही, इतका राग. जानकी मागे उभी होती. पाणी तापल्यावर म्हणाली, “न्हावन घेवा.” मी त्या पाण्याने आंघोळ केली.

थंडी पडली की खोबरेल बाटलीत गोठायचं. ती बाटली उन्हात ठेवायची आणि तुझी वेणी घालायला बसायची. काल वास आला तेव्हा मला दोघी दिसल्या. तिचा चेहरा नाही. तुझ्या डोक्यावर वाकलेला भांग तेवढा.

खरवडलं नाही.

बाबा

—

रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

अनू,

एक खोटं काढलं की दुसरं आपोआप वर येतं. लूर्डसबाई जुन्या तसबिरी साफ करतात तेव्हा असंच होतं म्हणे. कोणीतरी वर रंगवलेलं निळं आभाळ पुसलं की खाली मुळातलं काळं आभाळ निघतं.

सोबतचा कागद उलगडून बघ. तारेचा फॉर्म आहे. अक्षर माझं. ‘आई अत्यवस्थ. ताबडतोब निघ. बाबा.’ पाच शब्द. त्यावर शिक्का नाही. शिक्का नाही म्हणजे तार गेलेली नाही, हे तारबाबूच्या मुलीला सांगायला नको.

शुक्रवारी जानकी म्हणाली होती, “अनूक बोलवा.” मी फॉर्म भरून रांगेत उभा राहिलो. माझ्याच जुन्या खिडकीपुढे. माझ्या पुढे दोघं होते. आत सीताराम बसला होता, माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने मला बघितलं आणि म्हणाला, “मास्तर, रांगेत कशाला? द्या इकडे.” नुसता हात पुढे करायचा होता.

मी म्हणालो, “काही नाही रे, सहज आलो होतो.”

का? तू आलीस तर बॅप्टिस्ट येणार, पुढे काही बरंवाईट होऊन त्याने खांदा दिला तर गाववाले काय म्हणतील, हे सगळं त्या दोन माणसांच्या रांगेत माझ्या डोक्यात येऊन गेलं. आणि वाटलं, डॉक्टर बरं म्हणतोय, सोमवारी बघू. रविवारी सकाळी पावणेसातला ती गेली. शनिवारी दोनदा तिने दाराकडे बघून विचारलं, “तार पोचली आसात?”

मी म्हटलं, “पोचली. निघाली ती.”

ती वाट बघत गेली, अनू. तार मिळूनही तू येत नाहीस असं समजून गेली.

लोकांच्या मरणाच्या हजारो तारा मी बिनचूक लावल्या. एकही अडवली नाही.

हे तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. चेहरा हवा म्हणून तुला बोलावलं, तेही पुरतं खरं नव्हतं. तू खिडकीकडे तोंड करून बसशील, मी तुझ्या पाठीमागून सांगेन, असा बेत होता. आता बोलावत नाही. हे पत्र वाचून तू माझं नावही घेऊ नयेस, हे मला समजेल. चित्र बाईंकडेच आहे. एक तारखेला सकाळी घरी आणीन.

गुणाजी

(बाबा लिहिणार होतो. ते तू ठरव.)

—

रविवार, २ मार्च १९८६

चि. अनू,

काल सकाळी चित्र आणायला गेलो. लूर्डसबाई ओटीवरच उभ्या होत्या, कमरेवर हात.

“काल तुमची मुलगी येऊन गेली.”

मी मनात वार मोजला.

“शुक्रवारी?”

“क्लास नसतो म्हणूनच आली, हे न कळण्याइतकी मी खुळी नाय. बरोबर छोटी होती. म्हणाली, आईचं चित्र कुठंय? मी कापड काढलं. खूप वेळ उभी राहिली. छोटी विचारत होती, कोण हाय ही? तर म्हणाली, नानी.”

मग बाईंनी जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहितो, कारण तू केलंस ते मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक असावं.

तू म्हणालीस, “बाबांनी कुंकू मधोमध लावलंय. तिचं मधोमध कधी नसायचं. आरसा घेऊन बसायला तिला वेळ कुठे असायचा? एक डोळा दुधावर, आणि असं बोट टेकायचं.”

मग चित्राला हात लावून तू बोट बघितलंस. म्हणालीस, “हे अजून ओलं आहे?” बाई म्हणाल्या, “तुझ्या आईचं खोबरेल हाय त्यात. सुकायचं नाय.” तू बोटाचा वास घेतलास. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळून माझं ते कंपास लावलेलं कुंकू पुसलंस, कपाळाचा ओला रंग त्या जागी ओढलास. लाल रंग मागितलास. बाईंनी नळी पिळून दिली, आणि तू अनामिकेने तिच्या कपाळावर कुंकू टेकवलंस. डावीकडे, जवळजवळ भुवईवर.

“रडली का?” मी विचारलं.

“ते तुम्हाला कशाला सांगू?” बाई म्हणाल्या. “जाताना एक निरोप दिला. म्हणाली, त्यांना सांगा, मी त्यांच्यासाठी आले नव्हते.”

निरोप पोचला, अनू. बिनचूक पोचला.

मी कापड काढलं. आणि काय सांगू तुला! गाल तेच, माझे ओबडधोबड. नाक तेच नाकासारखं नाक. पण कुंकू सरकलं आणि ती वळली. छत्तीस वर्षं स्टोव्हपाशी पाठमोरी असलेली बाई घाईघाईत, दुधाकडे एक डोळा ठेवून, वळली. मी तिला ओळखलं. मी तिच्या समोर रोज जेवलो, आणि कुंकू डावीकडे असतं हे मला ओळंबा लावूनही दिसलं नव्हतं.

घरी येऊन वाचायच्या भिंगातून बघितलं. लाल रंगात तुझ्या बोटाच्या रेषा उमटल्या आहेत. न लिहिता येणारी माणसं माझ्या खिडकीत अंगठा द्यायची. ती खूण सहीइतकीच पक्की धरायचा नियम होता. मी ती उत्तर म्हणून धरत नाही. ते आईच्या कपाळावर आहे, मला आलेलं नाही.

श्राद्ध झालं. भटजी तसबिरीला गंध लावायला वाकले. मी म्हटलं, “हात लावू नका, ओलं आहे.” ते म्हणाले, “मग वाळल्यावर लावू.” शेवंतीबाईंनी गंधाची वाटी उचलून बाजूला ठेवली. काच लावलेली नाही. समोर बसून मी पुठ्ठ्याने माशा वारतो, एवढं एक काम मला मिळालं आहे.

तू माझ्यासाठी येऊ नकोस. पण तिचा तो पुढचा आत गेलेला दात मी ओठांखाली झाकला आहे, आणि हनुवटी मला अजून परकी वाटते. ती चुकली असेल तर तूच सांगू शकतेस. रंग ओला आहे. दर गुरुवारी तीन ते पाच मी वझिऱ्याला असतो, किल्ली शेवंतीबाईंकडे असते. जानकीचा भजनाचाच वार.

काल दुपारी चित्रासमोर एक कविता म्हटली, सगळी कडवी, चालीसकट. संपल्यावर थोडा थांबलो. मग उठलो आणि स्वतःच पान वाढून घेतलं.

बाबा